दिवाणखान्याची शोभा आणि माजघराचा उजेड

इतिहास म्हटला म्हणजे राजवाडे, लढाया, तह आणि कारस्थानें यांच्याकडे आपलें लक्ष आपोआप जातें. घराच्या भिंतीला कोणता रंग होता, जमीन कशाची होती, कोणत्या खोलींत उजेड पडत असे आणि कोणत्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागे, या गोष्टी इतिहासाच्या दरबारांत बसविण्याजोग्या नाहींत असा एक समज आहे. परंतु राज्यें बुडतात आणि घरें मागें राहतात. ज्या कुटुंबाला बेताच्या पैशांत आपलें जुनें घर पुन्हां राहण्याजोगें करून घ्यावयाचें असतें, त्याला पदोपदीं निवड करावी लागते : काय ठेवावयाचें, काय काढावयाचें आणि पहिला रुपया कोणत्या खोलीवर खर्च करावयाचा? कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पुण्याच्या पेठांत जे थोडे वाडे अजून उभे आहेत, त्यांतील पुष्कळ बिऱ्हाडांपुढें हा प्रश्न आजहि आहे. त्याचा पूर्वेतिहास पाहिल्यानें उत्तर शोधण्यास कांहीं मदत होते काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ अर्थातच पेशवाईपासून केला पाहिजे. शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. त्या मूळ बांधकामास १६,११० रुपये खर्च आला. पाऊणशें वर्षांनंतर, १८०७ च्या सुमारास, दुसऱ्या बाजीरावानें विश्रामबागवाडा उभारला, त्याला सुमारें दोन लाख रुपये लागले. केवळ या दोन आंकड्यांवरून मोठा सिद्धान्त बांधणें बरें नव्हे. मधल्या काळांत भावहि बदलले आणि राज्याची ऐपतहि बदलली. तथापि पुण्यांतील श्रीमंत माणसाचा पैसा आतां संरक्षणाच्या भिंतीपेक्षां शोभेच्या कामाकडे अधिक वळूं लागला होता, एवढें त्यावरून म्हणतां येईल. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, त्यांच्यामधील महिरपी, केळफुलांची नक्षी, लांकडी तक्तपोशीचें छत, त्यास टांगलेल्या हंड्या आणि झुंबरें, खालीं गालिचे व लोड-तक्के, हा त्या काळच्या दिवाणखान्याचा थाट होता. नाना फडणीसांनीं १७८० सालीं पुण्यांत बांधलेल्या वाड्यांत आणि वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यांत भिंतींवर चित्रेंहि काढविलीं होतीं. मेणवलीचीं चित्रें पाहावयास आजहि लोक मुद्दाम जातात.

बेताच्या प्राप्तीच्या गृहस्थाचें घर म्हणजे याच नमुन्याची लहान प्रत असे. जोत्यावर ओसरी, तिच्या आंत माजघर, त्याला लागून देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली. मागें चौक किंवा परसू. आणि जाड भिंतीच्या पोटांतून काढलेल्या अरुंद जिन्यानें वर गेलें कीं रस्त्याच्या बाजूस दिवाणखाना, ही साधारण मांडणी होती. खोलीचें माप फुटांत न सांगतां खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर तो एक खण. सामान असें फारसें नव्हतेंच. भिंतींतले कोनाडे आणि फडताळें हींच कपाटें. पाट मांडले कीं जेवणघर झालें, वळकटी सोडली कीं शेजघर झालें, जाजम अंथरलें कीं बैठक झाली. एकच खोली दिवसांतून तीन-चार रूपें घेत असल्यामुळें ती सजविण्याचा खर्च असा स्वतंत्र उरतच नसे.

जो खर्च होई तो मुख्यतः दिवाळीच्या तोंडीं. कळीचा चुना पाण्यांत विरवून, गाळून, त्यांत थोडा डिंक व किंचित नीळ घालून भिंतींना सफेदी द्यावयाची. तळाशीं गेरूचा पट्टा ओढावयाचा. मातीची जमीन चोपून शेणानें सारवावयाची. उंबऱ्यावर आणि दारापुढें रांगोळी काढावयाची. चुना, गेरू, नीळ आणि शेण या चार स्वस्त वस्तूंवर शेंकडों वर्षें मराठी घरांची शोभा उभी राहिली. यांतील चुन्याचा गुण विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. भिंतीवर लागल्यावर तो हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू पुन्हां चुनखडीच बनतो, आणि तरीहि त्यांतून ओल बाहेर जाऊं शकते. वाड्याची भिंत दगड, वीट आणि माती यांची. तिला पावसाळ्यांत जमिनींतून ओल चढावयाचीच. ती चुन्याच्या थरांतून पुढें कोरड्या दिवसांत निघून जाई. म्हणून दरवर्षीं सफेदी करणें ही केवळ हौस नव्हती. ती भिंतीच्या प्रकृतीची काळजी होती. हें काम बहुतांशीं घरच्या बायकांच्या हातांनीं होई, आणि हातांना पैसे द्यावे लागत नसल्यामुळें त्याची कोठेंच नोंद झाली नाहीं, हेंहि येथें सांगून ठेविलें पाहिजे.

आतां या घराची दुसरी बाजू पाहूं. कोरीव खांब, चित्रें, हंड्या, आरसे हें सारें दिवाणखान्यांत होतें. म्हणजे जेथें पाहुणे येत, व्यवहार होत, गाणें-बजावणें होई, तेथें. ज्या खोलींत घरांतील निम्मीं माणसें दिवसाचे बारा-चौदा तास वावरत त्या माजघरास खिडकी असली तर ती हातभर, आणि पुष्कळदां तीहि नाहीं. स्वयंपाकघराच्या भिंती चुलीच्या धुरानें अशा काळवंडत, कीं दिवाळीची सफेदी संक्रांतीपर्यंतहि टिकत नसे. बाळंतिणीची खोली तर वारा लागूं नये म्हणून मुद्दामच अंधारी निवडलेली असे.

याला कारणें होतीं, आणि तीं सर्वच टाकाऊ नव्हतीं. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळें खिडक्या काढण्यास जागा नसे. धान्य, दागिने आणि कागदपत्रें घराच्या पोटांत ठेवणें सुरक्षित असे. चैत्र-वैशाखांत माजघराचा गारवा किती सुखाचा असे हें ज्यांनीं अनुभवलें आहे, ते त्याची निंदा करणार नाहींत. शिवाय मागल्या चौकांतून कांहीं उजेड येई, आणि दळण-कांडण, निवडणें-टिपणें हीं कामें चौकाच्या कडेला बसून होत. पण हें सर्व मान्य करूनहि एक गोष्ट उरते. घरांतील स्त्रियांवर परक्याची दृष्टि पडूं नये हा माजघराच्या रचनेंतील एक उघड हेतु होता, आणि बाहेरची दृष्टि आंत येऊं नये अशी जी भिंत बांधली जाते, तिच्यामुळें आंतली दृष्टिहि बाहेर जात नाहीं. दिवाणखान्याला रस्त्यावर सज्जा होता. माजघराला दिव्याचा कोनाडा होता.

या विभागणीचा अर्थ एका प्रसिद्ध घराच्या उदाहरणावरून कळतो. रमाबाई रानडे १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, लग्न होऊन माधवरावांच्या घरीं आल्या. माधवरावांनीं त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविलें, आणि घरांतील वडील बायकांचा त्यावर केवढा रोष झाला, हें रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सविस्तर सांगितलें आहे. त्यांचें शिक्षण चाललें तें पतीच्या खोलींत. दिवस जाई तो बायकांच्या घोळक्यांत. एकाच छपराखालीं दोन निराळ्या हवा होत्या, आणि रोज एकींतून दुसरींत जाण्याचा जाच त्या मुलीला सोसावा लागला. तो जाच कांहीं भिंतींनीं निर्माण केला नव्हता, हें खरें. परंतु कोणी कोठें बसावें आणि काय करावें याचा नियम त्या घराच्या खोल्यांनीं आधींच घालून ठेविला होता. पुढें १८८४ सालीं हुजूरपागेंत मुलींची शाळा निघाली. शाळेंतून पुस्तक घेऊन घरीं आलेल्या मुलीनें तें कोणत्या उजेडांत वाचावें, हा प्रश्न मात्र शाळेला सोडवितां येण्यासारखा नव्हता.

दरम्यान घरांची आर्थिक स्थिति पालटत होती. १८१८ सालीं पेशवाई गेली आणि वाड्यांना पोसणारें उत्पन्न आटलें. सरदार-कारकुनांच्या वंशजांना वाडा सांभाळणें जड झालें, तेव्हां खोल्या भाड्यानें देण्याची चाल पडली. मास्तर, कारकून, वकील, शिकण्यासाठीं आलेले विद्यार्थी यांचीं बिऱ्हाडें वाड्यांत नांदूं लागलीं. खुद्द शिक्षणसंस्थाहि वाड्यांतच वाढल्या : १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यांत निघाली, आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेजाचा आरंभ झाला तो गद्रे वाड्यांत. दिवाणखाना मोठा म्हणून त्याच्यामध्यें फळ्यांची आडभिंत घालून दोन बिऱ्हाडें करीत. अशा खोलींत मान वर केली तर छतावरील कमळाचें अर्धें फूल एका कुटुंबाच्या वांट्यास आणि अर्धें दुसऱ्या कुटुंबाच्या वांट्यास आलेलें दिसे.

या नव्या मध्यमवर्गाला घर सजवावयाचें होतें, पण झुंबरें त्याच्या आटोक्याबाहेरचीं होतीं. त्याची हौस भागविली ती छापखान्यानें. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा काढली. शिळाछापावर रंगीत चित्रें काढून तीं अल्प किंमतींत विकण्याचा तिचा उद्योग होता. रामपंचायतन आणि इतर देवदेवता यांच्याबरोबर नाना फडणीसांसारखे ऐतिहासिक पुरुषहि या चित्रांत होते. १८९४ सालीं राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईस सुरू झाला आणि कांहीं वर्षांनीं तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचल्या. पूर्वी ज्या भिंतीवर चित्र असण्यासाठीं चितारी पदरीं ठेवावा लागे, त्या भिंतीवर आतां कारकुनालाहि चौकटींतली तसबीर लावतां येऊं लागली. हा लहानसा फरक नव्हे. या तसबिरींमुळें एक गोष्ट प्रथमच घडली : शोभेची वस्तु दिवाणखान्याचा उंबरा ओलांडून माजघरांत गेली. देवादिकांचें चित्र असल्यामुळें तिला आंत येण्यास कोणी हरकत घेतली नाहीं. मात्र चित्र आलें तरी तें पाहावयास लागणारा उजेड अजून यावयाचा होता.

याच सुमारास इंग्लंडांत हाच प्रश्न कसा हाताळला जात होता हें पाहणें उद्बोधक होईल. तेथील मध्यमवर्गहि घर सजविण्याच्या विवंचनेंत होता, आणि त्याला सल्ला देणारीं पुस्तकें निघत होतीं. चार्ल्स ईस्टलेकचें घरगुती अभिरुचीवरील पुस्तक १८६८ चें. १८७६ सालीं ॲग्नेस आणि ऱ्होडा गॅरेट या दोघी चुलत बहिणींनीं गृहशोभेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. रंग, लांकूडकाम आणि सामान यांची योजना मध्यम प्राप्तीच्या कुटुंबाला कशी करतां येईल हा त्याचा विषय. या दोघी केवळ लेखिका नव्हत्या. लंडनमध्यें त्यांनीं गृहसजावटीची स्वतःची पेढी चालविली, आणि हा धंदा करणाऱ्या त्या देशांतील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ॲग्नेसची एक बहीण एलिझाबेथ ही डॉक्टर, तर दुसरी मिलिसेंट फॉसेट ही स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची पुढारी. ऱ्होडानेंहि त्या मागणीसाठीं व्याख्यानें दिलीं. घरांतील खुर्ची कोठें असावी आणि राज्यांत स्त्रीचें मत असावें कीं नाहीं, हे प्रश्न या कुटुंबांत एकाच वेळीं विचारले जात होते, याचें आपल्याला नवल वाटावयास नको. इंग्रजी घरांतील दर्शनी ड्रॉइंग-रूम ही गृहिणीच्या सत्तेखालची खोली समजत. आपला दिवाणखाना पुरुषांचा. म्हणून तेथील सजावटीची सुधारणा घराच्या दर्शनी भागापासून सुरू झाली तरी ती स्त्रीपर्यंत पोंचली. आपल्याकडे दिवाणखान्यांत खुर्च्या-टेबलें आलीं, भिंतीवर घड्याळ आलें, तरी त्यांतला एकहि पदार्थ माजघराच्या उपयोगाचा नव्हता.

आंतल्या खोल्यांत जो खरा बदल झाला, त्याला अभिरुचीपेक्षां आगगाडी अधिक कारण झाली. मुंबई-पुणें लोहमार्ग १८६३ सालीं बोरघाटांतून पूर्ण झाला आणि १८७१ पर्यंत तो सोलापूर, शहाबादवरून रायचूरपर्यंत गेला. शहाबादी फरशी पुण्यांत सहज मिळूं लागली ती या मार्गामुळें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास कौलांचा कारखाना काढला. तीं सपाट, एकांत एक अडकणारीं कौलें हळूहळू थापी कौलांची जागा घेऊं लागलीं. पुढें, १९२२ सालीं, भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार फरशा स्वदेशी मालाच्या अभिमानानें मुंबईंत तयार होऊं लागल्या. या वस्तूंपैकीं एकीचाहि उल्लेख कलेच्या इतिहासांत सांपडणार नाहीं. पण मातीच्या जमिनीवर फरशी आली, आणि आठवड्यांतून दोन-तीन वेळां गुडघ्यांवर बसून सारवण्याचें काम गेलें. मंगळुरी कौलांबरोबर त्याच मापाचें कांचेचें कौलहि मिळूं लागलें. तें बसवावयास सुतार लागत नाहीं कीं भिंत फोडावी लागत नाहीं. ज्या स्वयंपाकघरावर माडी नव्हती तेथें एक कौल काढून हें बसविलें, कीं दुपारीं चुलीपुढें उन्हाचा चौकोन पडे. थोड्या पैशांत घर सुधारण्याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

उजेड आणि हवा यांचें महत्त्व पुण्याला ज्या रीतीनें सांगण्यांत आलें, ती रीति मात्र दुर्दैवी होती. १८९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला प्लेग पुण्यांत पसरला, आणि १८९७ च्या आरंभीं वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. रोगी हुडकणें, सामान बाहेर काढणें, संशयित वस्तु जाळणें आणि घरांना चुना मारणें असा हा कार्यक्रम होता. जो चुना दरवर्षीं दिवाळीला घरच्या हातांनीं लागत असे, तोच त्या साली सरकारी हुकुमानें लागला. देवघराची आणि माजघराची मर्यादा बुटांनीं मोडली गेली. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैला तो मरण पावला. या प्रकरणाचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. येथें एवढेंच म्हणावयाचें, कीं अंधाऱ्या, कोंदट खोल्या आरोग्यास घातक आहेत हें जें त्या मोहिमेच्या मुळाशीं असलेलें तत्त्व, तें खोटें नव्हतें. परंतु तें अपमानाच्या हातून घरांत आलें. ज्या सुधारणेनें माजघरांतील स्त्रीला सर्वांत अधिक लाभ व्हावयाचा, तिची पहिली ओळख तिला भीतीच्या रूपानें झाली. कोणाच्याहि घरांतील व्यवस्था बदलूं पाहणाऱ्याने, मग तो सरकार असो वा कुटुंबप्रमुख, हा धडा विसरूं नये.

प्लेग वारंवार येत राहिला. ज्यांना शक्य झालें ते पेठा सोडून मोकळ्या जागीं गेले, आणि पुढील तीन-चार दशकांत डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या भागांत बंगल्यांची वस्ती उठली. बंगल्यांत प्रत्येक खोलीस खिडकी होती, स्वयंपाकघरासहि. जे पेठेंत राहिले त्यांनीं बंगल्यांचें अनुकरण करावयाचें ठरविलें. पण खिडक्या उचलून आणतां येत नसल्यामुळें त्यांनीं सामान आणलें. लोखंडी खाट, टेबल, आरशाचें कपाट, कोच हीं सर्व दोन खणांच्या खोलींत येऊन बसलीं. पूर्वी जी खोली रिकामी असल्यामुळें कोणत्याहि कामाची होती, ती भरल्यामुळें एकाच कामाची झाली. भिंतींतले कोनाडे लिंपून टाकण्यांत आले, आणि त्यांच्यापुढें विकत घेतलेलें कपाट उभें राहिलें. सागवानी तुळयांवर तेलिया रंगाचे थर चढले. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रंग लावल्यामुळें ओल आंतच कोंडली गेली आणि भिंतीला लोणा लागूं लागला. तो झांकावा म्हणून पुन्हां रंग. आणि पुढल्या पावसाळ्यांत पुन्हां पापुद्रे.

त्यांतच कायद्याची भर पडली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण ठरविलें. महागाईच्या त्या काळांत भाडेकरूला बेघर होण्यापासून वांचविण्याचा त्याचा उद्देश योग्यच होता. परंतु हा कायदा अर्धशतकाहून अधिक काळ राहिला; १९९९ चा नवा कायदा २००० सालीं अमलांत आला, तोंपर्यंत जुन्या वाड्यांचें भाडें जवळजवळ नाममात्र झालें होतें. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा घालवावासा वाटेना. वाड्याचा सांगाडा कोणाचाच राहिला नाहीं. ज्याचें त्याचें लक्ष आपल्या दोन खोल्यांच्या आंतल्या अंगापुरतें. पुण्याच्या वाड्यांतील खोल्या आंतून रंगविलेल्या आणि बाहेरून खचलेल्या अशा कां दिसतात, याचें उत्तर अभिरुचींत नसून या हिशेबांत आहे. त्यानंतर १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचें धरणहि गेलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यांत विरघळल्या. त्या एका दिवसानें अनेक वाड्यांचा प्रश्न कायमचा सोडविला.

जें मोडलें त्यांतून जें वांचलें, तें वांचविण्याचें श्रेय मुख्यतः एका गृहस्थाकडे जातें. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा धंदा होता आणि 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास प्रारंभ केला आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें संग्रहालय उभें केलें. पुढें तें सर्व त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष तेथें पुन्हां जुळवून उभे केलेले आहेत. वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत. परंतु या संग्रहाचा खरा विशेष निराळाच आहे. अडकित्ते, वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, समया, पानदानें, स्वयंपाकाचीं भांडीं, यांची तेथें जी अपार विविधता दिसते, ती पाहून आपल्या विवेचनाला एक दुरुस्ती करणें भाग पडतें. माजघरांत शोभा नव्हती असें म्हणणें बरोबर नाहीं. भिंत, छत आणि खिडकी यांच्यावर त्या स्त्रियांचा अधिकार नव्हता. ज्या वस्तु त्यांच्या हातांत राहत तेवढ्यांवर होता. साध्या फणीवरहि मोर कोरलेला आहे आणि अडकित्त्याला घोड्याचा आकार दिलेला आहे. अंधाऱ्या खोलींत राहूनहि जिनें हातांतली वस्तु सुंदर असावी असा आग्रह धरला, तिला उजेडाची खोली मिळाली असती तर तिनें काय केलें असतें, हा प्रश्न त्या कपाटांपुढें उभें राहिलें असतां मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

विसाव्या शतकांत माजघराच्या स्थितींत पालट झाला, यांत शंका नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यांत विजेचे दिवे आले. पण पहिला दिवा बहुतेक घरांत दिवाणखान्यांतच लागला, हें सांगावयास नकोच. नंतर चुलीच्या जागीं स्टोव्ह आणि पुढें गॅस आला, धूर गेला, आणि स्वयंपाकघराची भिंत प्रथमच वर्षभर पांढरी राहिली. बसून करावयाचा स्वयंपाक ओट्यापाशीं उभ्यानें होऊं लागला. या प्रत्येक फेरफारास दिवाणखान्यांतील एका कोचापेक्षां अधिक पैसा लागला असेल असें नाहीं. तरी कोच आधीं आला आणि ओटा नंतर. पैशाची टंचाई सर्वच काळीं होती. टंचाईंत कोणाची गरज आधीं मोजली गेली, एवढाच काय तो फरक.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. जुन्या घरांतील दोन-तीन खोल्या बेताच्या खर्चांत नीट करावयाच्या आहेत. इतिहास काय सांगतो? पहिली गोष्ट अशी, कीं जुन्या भिंतीशीं तिच्या स्वभावाप्रमाणें वागावें. लोणा लागलेली जागा रंगानें झांकण्यापूर्वी ओल कोठून येते तें पाहावें; पन्हळ, मोरी आणि जोत्याभोवतालची जमीन यांची दुरुस्ती रंगापेक्षां स्वस्त पडते. जेथें सिमेंटचा गिलावा सुटला असेल तेथें पुन्हां सिमेंट न भरतां चुनाच वापरावा. काम करणारा जाणता गवंडी अजून मिळतो, मात्र शोधावा लागतो. दुसरी गोष्ट, कांहीं आणण्यापूर्वी कांहीं काढावें. लिंपलेला कोनाडा उघडला तर कपाट नको होतें, फळ्यांची आडभिंत निघाली तर खोली दुप्पट होते, आणि तुळईवरील रंग खरवडला तर शंभर-दीडशें वर्षांचा सागवान फुकट मिळतो. आपल्या पूर्वजांच्या खोल्या मोठ्या नव्हत्या. त्या रिकाम्या होत्या, म्हणून मोठ्या वाटत.

तिसरी गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची. आज घरोघर अंधारें माजघर नाहीं, पण माजघराची जागा घेणारी एखादी खोली प्रत्येक घरांत असते. कोठें तें स्वयंपाकघर असतें. कोठें आजीची खाट टाकलेली आंतली खोली. कोठें जिन्याखालची जागा, जेथें मुलगी परीक्षेचा अभ्यास करते. पाहुणे तेथवर जात नाहींत, म्हणून दरवर्षीं रंगाचा डबा तेथें पोंचण्यापूर्वीच संपतो. ज्या कुटुंबाजवळ भरपूर पैसा आहे त्याचें ठीक आहे; त्यानें सर्वच खोल्या एकदम कराव्या. ज्याच्याजवळ एकाच खोलीपुरता पैसा आहे, त्यानें दिवाणखाना यंदा आहे तसाच राहूं द्यावा आणि त्या आंतल्या खोलीपासून आरंभ करावा : तेथें एक खिडकी किंवा निदान एक झरोका पाडावा, वर माडी नसेल तर कांचेचें कौल बसवावें, भिंतीला पांढरा चुना द्यावा, आणि कोणता पट्टा कोणत्या रंगाचा असावा हें त्या खोलींत राहणाऱ्या माणसाला विचारावें. पाहुण्यांना यांतलें कांहींच दिसणार नाहीं. परंतु घरांत जीं माणसें रोज राहतात त्यांना तें पहिल्याच सकाळीं दिसेल.